लोहाराने रजेचा अर्ज कोणाकडे द्यावा?

(सत्यशोधक समाजाच्या स्थापनादिनी, २४ सप्टेंबर रोजी, गावच्या चावडीपुढे भरलेल्या सभेत एका शाळामास्तरांनी केलेले भाषण.)



आजच्याच दिवशी, १८७३ साली, महात्मा जोतीराव फुले यांनी पुण्यास सत्यशोधक समाज स्थापन केला. दरसाल ह्या दिवशी आपण त्यांच्या तसबिरीस हार घालतो, दोन भाषणे ऐकतो आणि भाकरीच्या वेळेस घरोघर जातो. असली भाषणे आम्हीही पुष्कळ ठोकली आहेत. पण आज तसबिरीसंबंधी न बोलता आपल्याच गावातील एका विझलेल्या भट्टीसंबंधी बोलावे, असे आम्ही योजिले आहे. ती भट्टी ज्यांची, ते दादा समोर बसले आहेत. त्यांची परवानगी घेऊनच आम्ही उभे राहिलो आहो. नाव घेण्याचे कारण नाही. गावाला ते ठाऊकच आहे.

मृगाच्या तोंडावरचे दिवस होते. लोहाराच्या धंद्याला हाच सुगीचा काळ. कुळवाच्या फासा, कुऱ्हाडी, खुरपी, विळे यांचा ढीग भट्टीपुढे पडलेला. वर्षाच्या मिळकतीतला मोठा हिस्सा ह्याच महिना-दीड महिन्यात पदरी पडावयाचा. अशा वेळी ट्रॅक्टरच्या फणाचे जड लोखंड ठोकळ्यावरून घसरले आणि दादांच्या उजव्या मनगटावर आले. हाड मोडले. सरकारी दवाखान्यात फुकट प्लास्टर घातले, त्याबद्दल तक्रार नाही. पण दीड महिना प्लास्टर आणि त्यापुढे दीड महिना हातात जोर नाही, असे तीन महिने भट्टी थंड राहिली. वहिनी घण मारण्यात कोणाला हार जाणार नाहीत. परंतु सांडशीत लोखंड धरून ते नेमके फिरवावयास कारागिराचाच हात लागतो, आणि तोच हात गळ्यात अडकवलेला!

आम्हांस हे कळले केव्हा? शाळा उघडून पंधरवडा झाला तरी त्यांची सातवीतली मुलगी येईना. आम्ही मास्तर, हजेरीपटावर रेघा ओढून ओढून रागावलो आणि बापाला चार शब्द सुनावण्याकरिता घरी गेलो. घरात बाप एकटा बसलेला. मुलगी आईबरोबर खुरपणीला गेलेली. कोनाड्यात प्लास्टरचे कागद, आणि जेथे ऐरण असावयाची तेथे जमिनीत नुसता खड्डा! ऐरण गहाण पडली होती. वीस हजार रुपये घेतले होते, शेकडा दरमहा दहा रुपये व्याजाने. म्हणजे दर महिन्यास दोन हजार रुपये नुसते व्याजाचे, मुद्दल तेथेच. जे बोलावयाचे म्हणून गेलो होतो ते शब्द आमच्या घशातच राहिले.

आम्ही म्हणालो, "दादा, शाळेत वर्गणी करतो, गावात दोन शब्द टाकतो." तेव्हा ते म्हणाले, "मास्तर, भीक नको. माझा काही हक्क बसत असेल तर तेवढा सांगा." हे उत्तर ऐकून आम्ही मान खाली घातली. कारण त्यांचा काय हक्क बसतो हे आम्हांसही ठाऊक नव्हते. मग आम्ही कागद जमविले, कचेऱ्यांत गेलो, जाणत्यांना विचारले. जे हाती लागले ते आज तुम्हांपुढे मांडतो.

प्रथम आमचेच सांगतो. गेल्या थंडीत आम्ही तापाने बारा दिवस अंथरुणावर होतो. आम्ही काय केले? रजेचा अर्ज लिहिला, डॉक्टरचा दाखला जोडला आणि पांघरूण घेऊन पडलो. महिनाअखेर पगार पुरता जमा झाला. आम्ही काही लोहारदादांहून जास्त घाम गाळतो असे नाही. आम्हांस रजा आहे, कारण आमच्यावर धनी आहे आणि त्या धन्याला कायद्याने बांधले आहे. लोहार, कुंभार, सुतार, न्हावी, परीट, शिंपी, चांभार, भाजी विकणारी बाई, दोन एकरांचा कुणबी हे सगळे आपले आपणच धनी. ऐकावयास गोड! पण ह्या धन्याने रजेचा अर्ज कोणाकडे द्यावा? आपणच लिहावा आणि आपणच वाचावा? हातावर पोट असणाऱ्याचा हात थांबला की पोट थांबत नाही, ही सारी रड आहे.

कोणी म्हणेल, पूर्वी बरे होते, बलुते होते. बाबांनो, त्या फसवणुकीत पडू नका. बलुत्याने कारागिरास जातीच्या खुंटीला बांधले. लोहाराच्या पोराने लोहारच व्हावे, आणि खळ्यावर पाटील देईल तेवढ्या पेंढ्यांवर समाधान मानावे, हा त्याचा अर्थ. ते बलुते गेले ते बरेच झाले. पण त्यात एक गोष्ट होती ती ओळखून ठेवा. बलुते सालाचे असे. चार दिवस ताप आला म्हणून खळ्यावरचा वाटा बंद होत नसे. आज एका विळ्याला धार लावली की तेवढे पैसे. धार नाही, पैसा नाही. दोरी तुटली ती चांगली झाली. पण दोरीबरोबर तो वर्षाचा आधारही गेला, आणि त्याच्या जागी दुसरे काही आले नाही.

शेतकऱ्यांमध्ये इर्जिक आणि सावड ह्या चाली आपल्या बापजाद्यांनी चालविल्या. गडी आजारी पडला तर शेजारच्या औतांनी एका दिवसात त्याचे रान नांगरून टाकावे आणि त्याने घुगऱ्या-भाकरी घालावी. ही आपली स्वतःची विद्या आहे. कोणी बाहेरून शिकविलेली नाही. ती आता मागे पडत चालली. बैल गेले, ट्रॅक्टर भाड्याने आले, आणि भाड्याच्या ट्रॅक्टरला शेजारधर्म नसतो. शिवाय इर्जिकीने रान नांगरले जाते. विझलेली भट्टी पेटत नाही.

आता आपल्याच चळवळीची एक गोष्ट ऐका. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीरावांचे अनुयायी. १८८० पासून मुंबईस 'दीनबंधु' पत्र त्यांनी चालविले. १८८४ साली त्यांनी परळ भागात गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. रविवारची सुट्टी त्यांनी मागितली हे पुष्कळांस ठाऊक आहे, आणि ती १८९० साली मिळाली. पण त्याच अर्जात आणखी एक मागणी होती. कामावर जबर इजा झाली तर कामगार बरा होईपर्यंत त्यास पुरा पगार मिळावा, आणि जन्माचा अधू झाला तर त्याच्या पोटाची तजवीज व्हावी! आज त्यास एकशे चाळीस वर्षांवर काळ लोटला. दुखापतीत घर चालावे ही मागणी परदेशातून आलेली फॅशन नव्हे. ती सत्यशोधकाने मागितलेली आहे.

गिरणीवाल्यांचे पुढे काय झाले? १९२३ साली इजा झालेल्या कामगारास भरपाई देण्याचा कायदा झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ ह्या काळात व्हाईसरॉयच्या कौन्सिलात मजूर खाते पाहत होते. त्या काळात प्रो. अदारकर यांनी कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल १९४४ साली दिला, आणि १९४८ साली कामगार राज्य विम्याचा कायदा पास झाला. त्या योजनेत आजही असे आहे की, ठराविक पगारापर्यंतचा कामगार आजारी पडला तर नेमलेल्या अटींवर वर्षातून ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या शेकडा ७० इतके पैसे त्यास मिळतात. कामावर इजा होऊन काही काळ काम बंद पडले तर शेकडा ९०. ह्यासाठी मजुरीवर शेकडा पावणेचार ते चार नव्हे, नेमके चार रुपये जमा होतात. त्यांतले सव्वातीन मालक देतो, पाऊण कामगार देतो. लक्षात घ्या, शेकडा चार! एवढ्यात औषधपाणीही होते आणि आजारपणाची मजुरीही.

मग तुम्हांआम्हांस हे का नाही? कारण सव्वातीन रुपये देणारा मालक नाही. २००८ साली असंघटित कामगारांच्या सामाजिक सुरक्षेचा कायदा झाला, त्यात स्वतःचा धंदा करणाऱ्यासही कामगार म्हटले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तसेच म्हटले आहे. नाव मिळाले, पण अंथरुणावर पडल्या दिवसाची भाकर अजून मिळाली नाही.

आता ज्या योजना आहेत त्यांची ओळ लावू. त्यांची निंदा करावयाची नाही; ज्याचे जे आहे ते पदरात पाडून घ्यावयाचे, आणि कोठे भोक आहे तेही पाहावयाचे.

पहिली, प्रधानमंत्री सुरक्षा विमा. वर्षाला वीस रुपये. वय १८ ते ७० आणि बँकेत किंवा पोस्टात खाते असले म्हणजे झाले. अपघाती मृत्यू आला तर घरच्यांस दोन लाख; दोन्ही डोळे, दोन्ही हात किंवा दोन्ही पाय कायमचे गेले तर दोन लाख; एक डोळा, एक हात किंवा एक पाय कायमचा निकामी झाला तर एक लाख. साल १ जूनला सुरू होते, म्हणून मे महिन्याच्या अखेरीस खात्यात पैसे ठेवावे लागतात. नाहीतर वीस रुपयांपायी दोन लाख जातात. साप चावणे, झाडावरून पडणे हेही ह्यात येते, पण दवाखान्याचा कागद हवा.

दुसरी, जीवनज्योती विमा. वर्षाला ४३६ रुपये, पन्नास वर्षे वयापर्यंत नाव घालता येते. कोणत्याही कारणाने मृत्यू आला तर दोन लाख. नवीन नाव घातल्यावर पहिले तीस दिवस अपघाताखेरीज दुसऱ्या मृत्यूस ते लागू नसते, एवढे ध्यानात असू द्या.

तिसरी, महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना. आज ज्यांचे नाव घेतो त्यांच्याच नावाची. २०२४ सालापासून रेशनकार्डावरच्या प्रत्येक कुटुंबास वर्षाला पाच लाखांपर्यंत, यादीतल्या रोगांवर आणि शस्त्रक्रियांवर, ठरलेल्या दवाखान्यांत उपचार. कार्ड आजच काढून ठेवा. दुखणे आल्यावर कार्डासाठी रांगेत उभे राहणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय.

चौथी, गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना. सातबारावर नाव असणारा शेतकरी आणि त्याच्या घरातला आणखी एक माणूस, वय १० ते ७५. हप्ता काही नाही. अपघाती मृत्यू आला तर दोन लाख, एक हात, पाय किंवा डोळा गेला तर एक लाख. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, तोही लवकर, तीस दिवसांच्या आत. चांगली योजना आहे. पण लोहारदादांचा सातबारा कोठे आहे? त्यांच्या वाडवडिलांनी ह्या शिवारातला नांगर न् नांगर घडविला, पण शिवारात त्यांची ढेकळाएवढी जमीन नाही. विळा ज्याच्या हातात तो शेतकरी. विळा घडविणारा कोणी नव्हे काय?

पाचवी, बांधकाम कामगारांचे मंडळ. वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केलेला गवंडी, सुतार, रंगारी, बिगारी यांनी नोंदणी करावी आणि दरसाल ती ताजी करावी. कामावर अपघाती मृत्यू झाल्यास वारसास पाच लाखांपर्यंत मिळतात. हे पैसे बांधकामाच्या खर्चावरील उपकरातून येतात. नोंद न केलेला गवंडी मेला तर त्याच्या घरी फक्त समाचाराला माणसे येतात.

सहावी, पीएम विश्वकर्मा. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. अठरा कारागिरींना लागू. लोहार, कुंभार, सुतार, शिंपी, न्हावी, परीट, चांभार सगळे त्यात आहेत. शिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपये, आणि शेकडा पाच व्याजाने दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत कर्ज. काम चालू असणाऱ्यास हे चांगले. पण ज्याचा हात प्लास्टरमध्ये आहे, त्यास नवे हत्यार देऊन तो काय करणार?

आणि कायमचा अधू, विधवा, निराधार यांस संजय गांधी निराधार योजना. २०२३ साली तिची रक्कम दरमहा १,५०० रुपये करण्यात आली. क्षयाच्या रोग्यास उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी दरमहा पैसे मिळतात. २०१८ साली ते ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. क्षयाचे दुखणे लपवू नका. लपविल्याने रोगही वाढतो आणि हे पैसेही बुडतात.

आता ह्या ओळीवरून बोट फिरवून पाहा. मेला तर पैसे आहेत. हात कायमचा गेला तर पैसे आहेत. दवाखान्यात चिरफाड झाली तर दवाखान्याला पैसे आहेत. पण हात मोडला आणि तीन महिन्यांनी बरा होणार आहे, अशा माणसाला काय आहे? काही नाही! एका जाणत्या कारकुनाने आमची सगळी हकिकत ऐकून घेतली आणि विचारले, "हात कायमचा निकामी झाल्याचा दाखला आहे का?" नाही म्हणताच त्याने कागद परत दिला. त्याचा दोष नाही, नियमच तसा. दादा बाहेर येऊन म्हणाले, "मास्तर, हात बरा होतोय हे माझं चुकलंच म्हणायचं." आम्ही हसलो, पण ते हसणे फार वेळ टिकले नाही.

हे मधले भोक आहे, आणि घरे ह्याच भोकातून गळतात. मरणाने घर बुडते तसे तीन महिन्यांच्या दुखण्यानेही बुडते. पहिल्या आठवड्यात घरातले पैसे जातात, दुसऱ्यात कोंबडी-शेळी जाते, महिन्याने सावकार येतो, दुसऱ्या महिन्यात हत्यार गहाण पडते आणि तिसऱ्यात पोरीची शाळा सुटते. हात बरा होऊन माणूस उभा राहतो तेव्हा काम करावयास ऐरण नसते. सरकारच्या दवाखान्याने जे हाड सांधले, त्याचा उपयोग सावकार खातो.

सावकाराविषयी एक सांगून ठेवतो. १८७५ साली सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद हिसकावून जाळले. त्यातून चौकशी झाली आणि १८७९ चा दक्षिणेतील शेतकऱ्यांचा कायदा आला. तुम्ही कागद जाळू नका, कागद वाचा. महाराष्ट्रात सावकारी नियंत्रणाचा कायदा २०१४ पासून आहे. परवान्यावाचून सावकारी करणे हा गुन्हा आहे. परवानेवाल्यासही बिगरशेतकऱ्यास विनातारण दिलेल्या कर्जावर सालाला शेकडा १८ पर्यंतच व्याज ठरविले गेले, म्हणजे महिन्याला दीड रुपया. आणि दादांना लागले महिन्याला दहा, म्हणजे सालाला १२०! तक्रार जिल्हा उपनिबंधकाकडे करता येते. पण अडलेला माणूस तक्रार करीत नाही, कारण पुढच्या दुखण्यात त्यालाच हात पसरावयाचा असतो. म्हणून नुसता कायदा पुरत नाही. अडल्या दिवशी जाण्यास दुसरे एक दार पाहिजे.

ते दार कोणते? दोन दारे आहेत. एक सरकारचे, ते ठोठावावयाचे. दुसरे आपले, ते आपणच बांधावयाचे.

सरकारकडे मागणे काय? अशक्य असे काही नाही. आंध्र प्रदेशात २०१९ साली तेथील सरकारने आरोग्यश्री योजनेला जोडून असे सुरू केले की, शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर जितके दिवस विश्रांती सांगेल तितक्या दिवसांचे, रोजी २२५ रुपये, महिन्याला पाच हजारांपर्यंत, रोग्याच्या खात्यात पडावे. म्हणजे दवाखान्यातून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या चुलीचा विचार सरकारला करता येतो. मग जोतीरावांच्या नावाच्या योजनेत तो का नसावा? तिच्यात विश्रांतीच्या दिवसांची रोजी जोडावी, आणि हाड मोडून प्लास्टर घातलेल्या माणसाला ती लागू व्हावी, ही आपली पहिली मागणी. शेतकरी अपघात योजनेत गावच्या भूमिहीन कारागिराला आणि शेतमजुराला घ्यावे, ही दुसरी. आणि विश्वकर्मा व ई-श्रम यांच्या नोंदवह्यांत ज्यांची नावे आहेत, त्यांच्यासाठी आजारपणाचा फंड उघडावा. रुपयाला रुपया आम्ही घालू, उरलेला सरकारने घालावा, ही तिसरी. आम्ही फुकट मागत नाही, हे ठणकावून सांगा.

नोंदणीचे महत्त्व किती, हे २०२१ साली दिसले. करोनाच्या दुसऱ्या टाळेबंदीत, एप्रिल महिन्यात, राज्य सरकारने परवानेवाले रिक्षाचालक, नोंदलेले फेरीवाले, नोंदलेले बांधकाम कामगार यांस प्रत्येकी १,५०० रुपये जाहीर केले. रक्कम थोडी, पण ज्याचे नाव वहीत त्यालाच ती. ज्याचे नाव कोठेच नाही, त्याच्या दारावरून ती मदत निघून गेली. ई-श्रमची नोंद २६ ऑगस्ट २०२१ पासून चालू आहे, फुकट होते, आणि देशात तीस कोटींहून अधिक लोकांनी ती केली. आपल्या गावातल्या प्रत्येक कारागिराचे आणि मजुराचे नाव तेथे चढलेच पाहिजे. शाळा सुटल्यावर आम्ही रोज एक तास चावडीत बसू. आधार, पासबुक आणि फोन घेऊन या.

आता आपले दार. गाव करी ते राव न करी, अशी म्हण आहे. आमची सूचना अशी की गावाने एक 'दुखणे फंड' काढावा. हिशेब ऐका. साठ घरे धरा. दर घराने महिन्याला ५० रुपये, म्हणजे दिवसाला पावणेदोन रुपयांहूनही कमी. महिन्याला तीन हजार, वर्षाला ३६,०००. त्यांतला चौथा हिस्सा, ९,०००, शिल्लक म्हणून हात न लावता ठेवावा. राहिले २७,०००. काम बंद पडलेल्या माणसास पहिले तीन दिवस सोडून पुढे रोजी २५० रुपये, जास्तीत जास्त तीस दिवस द्यावे. म्हणजे एकास ७,५०० रुपये. तीन माणसांस पुरा महिना आणि चौथ्यास अठरा दिवस, एवढे एका वर्षात निभते. हे थोडे आहे, हे आम्ही जाणतो. पण ७,५०० रुपये पहिल्या महिन्यात हाती असते, तर दादांची ऐरण गहाण पडती ना. फंड सुरू करण्याआधी मागच्या तीन वर्षांत कोणत्या घरात कोण किती दिवस पडून होते, हे घरोघर विचारून लिहून काढू, आणि वर्गणी व रोजी त्यावरून ठरवू. अंदाजाने घातलेले कुडाचे घर पहिल्याच पावसात पडते.

नियम थोडे, पण कडक असावेत. पैसे बँकेत, तिघांच्या सहीने; त्या तिघांत निदान एक बाई. डॉक्टरचा कागद आणि दोन शेजाऱ्यांची साक्ष. मदत ही मदत. कर्ज नव्हे, व्याज नाही, परतफेड नाही. दारू पिऊन मारामारीत लागले तर फंड नाही. दर महिन्याच्या पहिल्या बाजारदिवशी वही येथे चावडीत मोठ्याने वाचली जावी. आणि हा विमा आहे असे कोणी कोणास सांगू नये. विम्याचा धंदा करावयास सरकारी परवाना लागतो. आपण फक्त इतकेच म्हणावयाचे, की फंडात आहे तोवर नियमाप्रमाणे देऊ.

बायकांसंबंधी स्पष्ट बोलतो. शिलाई करणारी, टोपली घेऊन बाजारास जाणारी, खुरपणीला जाणारी बाई आजारी पडली तर तिलाही तीच रोजी मिळावी. बाळंतपणातही मिळावी. कोणी म्हणेल, बाई तर घरीच असते. त्या गृहस्थाने आठ दिवस वहिनींच्या जागी घण मारून पाहावा, मग बोलावे. बचत गट चालविण्याची विद्या ह्या गावात पुरुषांपेक्षा बायकांस जास्त आली आहे. उमेदच्या ग्रामसंघांत अडीअडचणीसाठी जोखीम प्रवणता निधी म्हणून असतो. त्याच्याच जोडीला हा फंड उभा करावा आणि वही त्यांच्याच हाती द्यावी, असे आमचे मत आहे.

एक शंका नेहमी निघते. लोक खोटे आजारी पडतील! आम्ही विचारतो, आम्हां पगारदारांस रजा देताना ही शंका कोणी एवढ्या मोठ्याने काढतो काय? रोजी २५० रुपयांसाठी धट्टाकट्टा कारागीर महिनाभर भट्टी विझवून बसेल आणि गिऱ्हाईक दुसऱ्या गावी घालवील, असे तुम्हांस खरेच वाटते? आणि कोणी बसलाच, तर आपल्या गावात काय लपते? येथे कोणाच्या घरी रात्री कोंबडे शिजले, हे सकाळी पाणवठ्यावर ठाऊक असते.

दुसरी शंका पैशाची. पन्नास रुपये कोठून आणावे? बंधूंनो, मागच्या आषाढात एका घरी माणूस तापाने पडला होता. देवऋषाने बाहेरचे सांगितले, दुसऱ्याने ग्रहांची शांती सांगितली. नारळ, कोंबडी, दक्षिणा यांत जे गेले, त्यात ह्या फंडाची कित्येक वर्षांची वर्गणी भागली असती. ताप मात्र सरकारी दवाखान्यातल्या गोळ्यांनी उतरला. ग्रहांना तुमच्या घराचा पत्ता ठाऊक नाही, शेजाऱ्याला आहे. जो पैसा भीतीपोटी जातो, तो विचाराने वाचवा, आणि शेजाऱ्यासाठी ठेवा. जोतीरावांनी ह्याहून निराळे काय सांगितले होते?

कोणी विचारील, मास्तर, तुम्ही देणार काय? देणार. दर महिन्यास वर्गणी देऊ आणि फंडातून कधी एक पैसाही उचलणार नाही, कारण आम्हांस रजा आहे. गावातले जे जे पगारदार आहेत, त्यांनी असेच करावे, अशी आमची विनंती आहे. आम्हांला लिहावयास शिकविले ते ह्याच गावांच्या करातून. निदान दुसऱ्याचा अर्ज लिहून देण्याइतके तरी ते ऋण फेडले पाहिजे.

आता शेवटचे. दादांची मुलगी शाळेत परत आली आहे. तीन महिन्यांचा अभ्यास मागे राहिला. तो आम्ही भरून काढू. दादांचा हात बरा आहे, थोडा वाकडा राहिला. मेहुण्याच्या गावाहून आणलेल्या ऐरणीवर ते काम करतात. त्यांची स्वतःची ऐरण अजून परत आलेली नाही. म्हणून आमची ह्या सभेला सूचना अशी, की आज ठराव पास करून घरी जाऊ नये. चावडीच्या ओट्यावर वही उघडून ठेवली आहे. पहिले नाव आमचे लिहिले आहे. दुसरे नाव दादांनी घातले आहे. वाकड्या हाताची ती सही आहे, ती नीट पाहून घ्या आणि तिच्याखाली आपले नाव लिहा.

आम्ही आता आपली रजा घेतो. आम्हांला ती मागितली की मिळते. ज्यांना ती मागावयास जागा नाही, त्यांच्यासाठी ही वही उघडी आहे.

सत्यमेव जयते.